आठवणीतले ६८, कार्डावरचे ७८

विमान थांबल्यावर पहिल्यांदा ऐकू आली ती टिटवी. इंजिन गप्प, प्रोपेलर वाकलेला, काचेसमोर आभाळाऐवजी मुरूम आणि तुरीची फणकटं. बाहेर ती टिटवी अशी ओरडत होती की जणू मी तिच्या अंड्यांवरच येऊन बसले. कदाचित बसलेही असेन. मे महिना तिचा अंड्यांचाच. मी पट्ट्यांत अडकून पुढे लटकले होते आणि तोंडात धूळ होती. डोक्यात आधी बाबा आले, मग पैसे. खरं तर दोन्ही एकच.

शिकाऊ वैमानिक म्हणून माझे तेव्हा उड्डाणाचे ४६ तास झाले होते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना. विदर्भात नागपूरचं सोनेगाव सोडलं तरी धावपट्ट्या आहेत: गोंदियाजवळ बिरसी, अमरावतीला बेलोरा, अकोल्याला शिवणी, यवतमाळची, चंद्रपूरजवळ मोरवा. आमची यांतली होती की यांच्याबाहेरची, ते सांगत नाही आणि संस्थेचं नावही लिहीत नाही. चूक माझी, त्यात दुसऱ्याचं नाव कशाला. एवढं सांगते की चारही बाजूंनी काळी वावरं आहेत, तारेच्या कुंपणातून शेळ्या आत शिरतात आणि पहाटे पहिल्या उड्डाणाआधी जीप धावपट्टीवर फेरी मारून रोही, म्हणजे नीलगायी, हाकलून येते.

घरी सात एकर कोरडवाहू आणि तालुक्याला बाबांचं कृषी केंद्र. फी त्या दुकानावरच्या कर्जातून आली. ठरलेल्या तासांचे पैसे भरलेले होते, पण त्यावर जे तास लागतील ते वेगळे. मी त्यांचा हिशोब रुपयांत करत नसे, क्विंटलमध्ये करत असे. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. जादा एक तास उडायचं तर दोन क्विंटल गेले. एक सर्किट, म्हणजे उठायचं, चौकोनी फेरी मारायची आणि परत उतरायचं, सहा मिनिटांचं. सहा मिनिटं म्हणजे वीस किलो. तेवढा कापूस वेचायला आईला सकाळपासून दुपार होते. हा हिशोब कोणी माझ्यावर लादला नव्हता. मीच तो डोक्यात घेऊन कॉकपिटमध्ये बसत होते.

त्या दिवशी माझं सोलो, म्हणजे एकटीचं उड्डाण, सकाळी सातला होतं. सेसना १७२. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिनतपासणीत, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रणा) तपासताना एका बाजूला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) जास्तच पडला, म्हणून ते विमान हँगरमध्ये गेलं. दुसरं मोकळं व्हायला साडेनऊ वाजले. मे महिन्यात आमच्याकडे साडेनऊ म्हणजे सकाळ संपलेली असते. पारा ४० कडे निघालेला, आणि आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर. एवढ्या उन्हात हवा इतकी पातळ होते की विमानाला ती सव्वाचार हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. उतरताना कॉकपिटमधल्या पडद्यावर ठरलेले ६५ नॉट (विमानाच्या वेगाचं माप) दिसत असतात, पण वारा नसला तरी जमिनीवरून आपण ६९-७० ने पळत असतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, मार्कही मिळाले होते.

सीएफआय, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, सरांनी विंडसॉककडे (वारा दाखवणारी कापडी नळी) बघितलं. ती मेल्यासारखी लोंबत होती. म्हणाले, "दोन-तीन सर्किट कर आणि ये. बरं नाही वाटलं तर गो-अराउंड, न टेकता फिरून जा. कोणी काही म्हणणार नाही."

पहिल्याच सर्किटला फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ वाटेवर, मी उंच राहिले. सरळ पॉवर दिली, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली घ्यायच्या पट्ट्या) एक-एक टप्पा वर घेतले, फिरून गेले. अगदी पुस्तकातल्यासारखं. वर जाताना डावीकडे खाली शेडजवळच्या लिंबाच्या सावलीत बसलेली पोरं दिसली. आपलं उड्डाण नसलं की आम्ही सगळे तिथेच बसतो आणि दुसऱ्याच्या लँडिंगला मार्क देतो. मीही कित्येकांना दिले आहेत. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, मनात आलं: एकदा फिरून गेली तर शहाणी, दुसऱ्यांदा गेली तर हिला येत नाही. आणि वीस किलो गेलेच आहेत, अजून वीस कशाला.

अपघात तिथे झाला. बाकीचं जे झालं ते तीन मिनिटं उशिरा झालं, एवढंच.

दुसऱ्या फायनलला धावपट्टीच्या अलीकडे नांगरून तापायला टाकलेली वावरं लागतात. काळी माती, वर काडीही नाही. तिच्यावरून गरम हवा उठते आणि विमानाला खालून ढकलते. मी आधीच थोडी उंच होते, त्या ढकलण्याने आणखी उंच झाले. पॉवर पूर्ण काढलेली, फ्लॅप पूर्ण खाली. आता खाली यायला माझ्याकडे एकच उपाय उरला होता आणि तो चुकीचा होता: मी नाक खाली घातलं. उंची सुटली, तिचा वेग झाला. टेकडीवरून सायकल सोडल्यासारखं.

आम्हाला शिकवलेलं असं की पाचशे फुटांवर सगळं जागेवर हवं: वेग, वाट, पॉवर, फ्लॅप. असेल तर तोंडाने 'स्टेबल' म्हणायचं, नसेल तर फिरून जायचं. मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, "स्टेबल." ते मला अजून ऐकू येतं.

धावपट्टीवर आले तेव्हा पडद्यावर ६८ होते, असं मला स्वच्छ आठवत होतं. हवे होते ६५, होते ६८, म्हणजे फारसं काही बिघडलेलं नाही. नाक वर घेतलं आणि विमान टेकेचना. पंख जमिनीच्या इतके जवळ आले की, म्हणजे साधारण पंखांच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत (आमच्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर), हवेचा विरोध कमी होतो आणि विमान तरंगत राहतं. जादा वेग असला तर फारच तरंगतं. टेकायचे पांढरे पट्टे मागे गेले. विंडसॉक मागे गेली. टॅक्सीवेचं (धावपट्टीवरून बाहेर पडायच्या रस्त्याचं) वळण मागे गेलं. समोर धावपट्टीचा शेवट आणि त्यापलीकडचा लिंब माझ्याकडे चालत येत होता.

आता गंमत अशी की धावपट्टी अजून सातशे मीटर उरलेली होती. या विमानाला टेकल्यावर थांबायला चांगल्या स्थितीत पावणेदोनशे मीटर लागतात. उन्हाचे आणि वेगाचे धरून दुप्पट लावा. मी काही न करता तसंच धरून बसले असते तर ते दमून आपोआप बसलं असतं. पॉवर दिली असती तर उठून गेलं असतं. या दोन सोडून मी तिसरं केलं. कंट्रोल पुढे ढकललं, म्हणजे नाक खाली दाबलं.

उडायची ताकद असलेल्या विमानाला जमिनीत दाबता येत नाही. पुढचं चाक आधी आपटलं, मुख्य चाकं हवेतच. नाकाला धक्का बसला की ते वर उसळतं, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान बेडूकउडी मारतं. उडी मारली की पुढे आभाळ दिसतं आणि हात आपोआप पुन्हा पुढे जातात. हातांनी ढकलेपर्यंत नाक स्वतःहूनच खाली यायला लागलेलं असतं, म्हणजे दोन्ही ढकलणी एका दिशेला होतात. दुसरी आपट पहिलीपेक्षा मोठी. मग तिसरी. वैमानिकांमध्ये म्हणतात तिसऱ्या उडीला पुढचं चाक जातं. माझंही तिसऱ्यालाच गेलं. खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, मग टक्टक्टक्टक् असा, शिलाई मशीनसारखा. ते प्रोपेलरचे डांबरावर घाव होते. विमान नाकावर घसरत डावीकडे वळलं, कडेच्या मुरुमात शिरलं आणि पुढे कुंपणाच्या तारेअलीकडे, फणकटांसमोर जाऊन थांबलं. पहिल्या आपटीपासून चाक मोडेपर्यंत सात सेकंद. हेही नंतर कळलं. तेव्हा मला ते एवढं लांबलं होतं की मधल्या वेळात मी एकदा 'आता चहा थंड होईल' असंही म्हटलं होतं मनात. असं का म्हटलं, माहीत नाही. चहा मागवलेलाच नव्हता.

मिक्श्चर बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर बंद, दार उघडलं, धावले. अग्निशमनाची जीप आली, मागून सर मोटारसायकलवर. ओरडले नाहीत. पाण्याची बाटली हातात दिली, नाव विचारलं, वार विचारला. मी दोन्ही बरोबर सांगितलं. तेवढ्यात आमचे इंजिनीअर वाकून विमानात शिरले आणि आतून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. फ्युएल शट-ऑफ. तो मी विसरले होते. या विमानाचं पेट्रोल पंखांत असतं आणि वरून खाली आपल्या वजनाने येतं. नळी तुटलेली असती तर गरम इंजिनावर ते टपकत राहिलं असतं. इंजिनीअर बाहेर आले, माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. तीही निवेदनात लिहावी की नाही, असा विचार मी त्या क्षणी करत होते, म्हणजे बघा.

मग कागद सुरू झाले. ब्रेथ अ‍ॅनालायझर तिथेच, दोनदा. लॉगबुक, माझी ट्रेनिंगची फाइल, विमानाची कागदपत्रं सगळी सीलबंद. टाकीतल्या पेट्रोलचा नमुना बाटलीत. मला ग्रामीण रुग्णालयात नेलं, रक्त घेतलं. मान आणि खांदा तपासला. पट्ट्याचा निळा वळ सोडून काही नव्हतं. केसपेपर लिहिणाऱ्या मामांनी विचारलं, "गाडी कोणती?"

"विमान."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्याकडच्या अपघाताच्या फॉर्मवर दुचाकी, चारचाकी, ट्रॅक्टर आणि इतर असे रकाने होते. त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला, "चालवत कोण होतं?"

संध्याकाळी निवेदन लिहिलं. इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात, दीड पान. अप्रोच (उतरायला येतानाची वाट) किंचित उंच पण स्थिर. धावपट्टीवर वेग ६८. तरंगलं, टेकलं, उसळलं. वाचून पाहिलं तर अपघात विमानाने केल्यासारखा वाटत होता. माझं त्यात कुठे नाव नव्हतं. तरी सही केली.

घरी फोन करेपर्यंत फोटो गावात पोचला होता. कुंपणाबाहेरून कोणीतरी काढलेला, खाली 'विमान कोसळले' असं लिहिलेला. आईने फोनवरच दिठ काढली, मीठ-मिरच्या चुलीत टाकल्याचा तडतडाट मला ऐकवला आणि मग रडली. बाबा दुसऱ्या दिवशी लालपरीने आले. विमान अजून तिथेच होतं, हलवायला परवानगी लागते. दुरूनच, दोरीबाहेरून, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ट्रॅक्टर पलटला की आमी आंधी डिझेल बंद करतो. तू केलं काय?"

"नाही," मी म्हणाले. "राहून गेलं."

"हं," एवढंच. चहाच्या टपरीवर बसल्यावर दुसरा प्रश्न आला: "कोणी मेलं नाही, मंग अपघात काऊन म्हणून राह्यले?" तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही. नियम असा की विमानाचा मजबुतीला धरून असलेला भाग मोडला आणि मोठी दुरुस्ती लागणार असेल, तर माणसाला खरचटलंही नसलं तरी तो अपघातच. आमच्या विमानाचं पुढचं चाक ज्याला धरलेलं असतं, ती इंजिनामागची फायरवॉल चेपलेली होती.

तिसऱ्या दिवशी चौकशीला दोघे जण आले. भारतात हे काम विमान अपघात अन्वेषण ब्यूरोकडे आहे. २०१२ पासून तो डीजीसीएपासून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) वेगळा आहे आणि २०१७ च्या नियमांनुसार चालतो. त्यातल्या थोरल्या साहेबांनी पहिल्यांदाच सांगितलं की ही चौकशी दोष कोणाचा ते ठरवायला नाही, असं पुन्हा होऊ नये यासाठी आहे. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. मी मान डोलावली. विश्वास ठेवला नव्हता. गावात तलाठी पंचनाम्याला आला तरी तो आधी असंच काहीतरी गोड बोलतो.

ते विमानाकडे आधी गेलेच नाहीत. धावपट्टीवर उकिडवे बसले आणि टेप लावून प्रोपेलरचे घाव मोजू लागले. मी धाकट्यांना विचारलं, हे कशाला. त्यांनी डांबरावर खडूने लिहून दाखवलं. आरपीएम १,२००, पाती दोन, म्हणजे सेकंदाला ४० घाव. दोन घावांतलं अंतर ७५ सेंटिमीटर. चाळीस गुणिले पाऊण, सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ५८ नॉट. "तीन वेळा आपटून, चाक मोडून झाल्यावर तुम्ही ५८ ला होता," ते म्हणाले. पूर्ण फ्लॅप असताना हे विमान ४० पर्यंत उडत राहतं. मला पहिल्यांदा पोटात गोळा आला, तो त्या खडूच्या गणिताने.

दुपारी ऑफिसात बसवलं. थोरल्या साहेबांनी माझं निवेदन पुढे ठेवलं आणि त्याशेजारी एक छापील तक्ता. आमच्या विमानात गोल घड्याळांऐवजी पडदे आहेत, आणि त्यांतल्या एका कार्डावर दर सेकंदाला वेग, उंची, आरपीएम, सगळं लिहिलं जातं. हे मला माहीत होतं. कार्ड कोणी माझ्यासाठी वाचेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही लिहिलंय ६८."

"हो सर."

बोट तक्त्यावर फिरलं आणि थांबलं. धावपट्टीच्या तोंडावर ७८. पाचशे फुटांवर ८२.

मी म्हणाले, असं होऊच शकत नाही, मी पाहिलंय. ते रागावले नाहीत. तक्त्याचं आधीचं पान उलटलं. "६८ इथे आहे," म्हणाले. पहिल्या सर्किटमध्ये. ज्या फायनलवरून मी फिरून गेले होते, त्यात. उंच होते, पण वेग ६८ होता.

म्हणजे मी आकडा बनवला नव्हता. एका अप्रोचमधून उचलून दुसऱ्यात ठेवला होता, आणि सही केली होती. खोटं बोलणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण खोटं बोलतोय. दुसऱ्या फायनलला मी बहुधा वेगाकडे बघितलंच नव्हतं. धावपट्टीच्या शेवटाकडे बघत होते.

"मग 'स्टेबल' का म्हणालात?"

मी खूप वेळ गप्प होते. मग सावलीतली पोरं आणि वीस किलो कापूस, दोन्ही सांगितलं. वाटलं हसतील. त्यांनी लिहून घेतलं. कापूस लिहिताना किलो की क्विंटल, ते पुन्हा विचारून घेतलं.

साक्षीदार म्हणून त्यांनी सरांना, जीपवाल्याला विचारलं, आणि एका काकाजींना बोलावलं. त्यांचं वावर कुंपणाला लागून आहे. त्यांच्याच फणकटांत मी गेले असते, मध्ये तार नसती तर. धोतर, खांद्यावर दुपट्टा, खुर्चीवर बसायला तयार नाहीत. अकरा वर्षं विमानं उतरताना पाहतात. म्हणाले, "रोज ते त्या पांढऱ्या पट्ट्याइथं टेकते. त्या दिशी मोज्याच्या पुढं गेलं तरी वरच. मले वाटलं आता उठून जाईन फिरून, बाकीचे जाते तसं. तं नाही गेलं ना. खाली दाबलं."

मोजा म्हणजे विंडसॉक. धाकट्या साहेबांनी विचारलं, "दाबलं म्हणजे?"

काकाजींनी तळहात पालथा करून टेबलावर दाबून दाखवला.

माझ्या दीड पानात तो शब्द नव्हता. मी परवानगी मागून दुसरं निवेदन लिहिलं, पावणेचार पानांचं. शट-ऑफचंही लिहिलं.

मधल्या आठवड्यांचं विशेष सांगण्यासारखं नाही. उडायला बंदी, हॉस्टेलवर उकाडा, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी. एकदा हँगरमध्ये गेले तेव्हा इंजिनीअरनी इंजिन पूर्ण उघडलेलं होतं. बाहेरून त्याला ओरखडा नव्हता. पण प्रोपेलर फिरता असताना जमिनीला लागला की आतल्या क्रँकशाफ्टला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याला, पीळ बसलेला असू शकतो, म्हणून ते उघडून तपासल्याशिवाय पुन्हा वापरता येत नाही. बाजूला नवा प्रोपेलर खोक्यात होता. मी क्विंटल मोजायला सुरुवात केली आणि दोन आकडी झाल्यावर सोडून दिली. ते विम्यातून गेलं. माझ्या वाट्याला फेरप्रशिक्षणाचे नऊ तास आले. बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी दुकानाच्या वहीत, बियाण्याच्या उधारीखाली लिहून घेतलं: 'उड्डाण जादा, ९.' मला नंतर भावाने फोटो पाठवला.

फेरप्रशिक्षण एका मॅडमकडे होतं. त्यांनी पहिले दोन दिवस विमानाला हात लावू दिला नाही. फळ्यावर फक्त एक आकडेमोड: ६५ चे ७८ झाले तर वेग वाढला २० टक्के, पण अंगातला जोर वाढतो वर्गाने, म्हणजे ४४ टक्के. तो जोर कुठेतरी खर्च व्हायला हवा. हवेत, ब्रेकमध्ये, नाहीतर पुढच्या चाकात.

मग उडलो तेव्हाही लँडिंग नाहीच. थोडी पॉवर ठेवून धावपट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभर उंचीवरून जायचं, टेकायचं नाही, आणि शेवटी उठून जायचं. पहिल्या दिवशी मला ते जमेना. माझे डोळे नाकासमोरच्या डांबरावर खिळायचे, आणि जवळचं डांबर इतकं वेगात पळतं की त्यावरून उंची कळतच नाही. "खाली कशाला बघते? शेवटाकडे बघ. खालची जमीन तुला डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसते," मॅडम म्हणाल्या. चौथ्या फेरीला दिसली. सायकल शिकताना चाकाकडे बघितलं की पडतो, तसंच, पण हे लक्षात यायला मला ५० तास लागले.

अप्रोचला दुसरी एक गोष्ट घोटून घेतली. काचेत एक जागा अशी असते जी वरही सरकत नाही आणि खालीही नाही. आपण नेमके तिथे जाऊन पोचणार असतो. पट्टे काचेत खाली सरकायला लागले तर आपण उंच, वर सरकले तर कमी. ती जागा, मग वेग. ती जागा, मग वेग. मंत्रासारखं. उसळलं तर ढकलायचं नाही. नाक आहे तिथे धरून थोडी पॉवर, आणि शंका आली तर सगळी पॉवर आणि चला. मॅडम मुद्दाम उसळवून द्यायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. पहिल्या दोन वेळा माझा हात पुढे गेलाच. तिसऱ्यांदा मी तो मागे ओढला. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त गुडघ्यावरच्या पॅडवर काहीतरी लिहिलं.

चेक फ्लाइट झाली, सह्या झाल्या. पुन्हा सोलो मिळालं तेव्हा जुलै लागला होता. वावरं हिरवी झाली होती, सोयाबीन वीतभर आलं होतं, पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. सकाळी पावणेसात. वारा समोरून, चार-पाच नॉट. सावलीतली पोरं नव्हती. एवढ्या सकाळी सावलीची गरजच नव्हती. मॅडम रेडिओवर होत्या.

पहिली फायनल. पाचशे फूट, ७४. काही वाईट नव्हतं. वाट बरोबर, उंची बरोबर, वारा समोरून, नऊ नॉट धरून ठेवता आले असते. मी आकड्याकडे पुन्हा बघितलं, तो ७४ च होता. वीस किलोही आठवले, खोटं कशाला सांगू. पॉवर पूर्ण पुढे केली.

"गोइंग अराउंड."

"रॉजर," मॅडम म्हणाल्या, आणि बास.

पुढच्या फेरीला ६६ ने आले. पट्ट्यांवर मुख्य चाकं टेकली, मग बऱ्याच वेळाने नाक. टॅक्सीवेवर वळताना पाय थरथरत होते, ब्रेक नीट दाबता येईना. ४६ व्या तासाला असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणाच्या कडेकडेने फिरायला गेले. काकाजींचं वावर डवरणीला आलं होतं. बैल थांबवून त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"काल सकाळी एक आलं नं टेकलंच नाही. उठून गेलं."

"हो."

"तूच होती काय वं?"

"हो, काकाजी. मीच."

"मले वाटलंच," म्हणाले, आणि बैल वळवून डवरा पुढच्या तासात घातला.